कुइचारकची अठ्ठावन्न मतं

चूक तुमची आहे. कागद तुम्ही पाठवलात, तो चुकीचा पाठवलात, आणि त्या कागदाबरहुकूम वागली म्हणून अठ्ठावन्न माणसांची मतं तुम्ही बाद केलीत. वर तोंड करून सांगितलंत की खेड्यातल्या लोकांना मत कसं द्यायचं ते अजून शिकवायला हवं. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. निवडणूक कचेरीतली ती खुर्ची तुमची, तुम्हाला माहीत आहे. तिच्यातून न उठता एवढं शेवटपर्यंत वाचा. त्या दिवशी आमच्या कुइचारकमध्ये काय झालं ते विचारायला तुमच्यातलं कोणी विमानात चढलं नाही, आणि ओलिंकाने फोन करून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा तुम्ही तिला गाणी ऐकवलीत.

ओलिंका निकोलाय. वय चौसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं गावच्या पोरांना जेवू घालतेय, आणि गेली सोळा वर्षं गावच्या मतदान केंद्राची प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे काय, तर शाळेच्या खेळायच्या हॉलमध्ये टेबल मांडायचं, मतपत्रिका द्यायच्या, रात्री आठला दार लावायचं, मतं हाताने मोजायची आणि फोनवर आकडे सांगायचे. तिच्या हिशेबात आजवर एका मताचा फरक पडलेला नाही. हे तुमच्याच कागदांत लिहिलेलं असेल, बघा.

त्या ऑगस्टात तिच्यापुढे एकच गोष्ट होती. तिच्या आईचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर यायला हवं होतं.

आई जाऊन एकोणचाळीस वर्षं झालेली. पण आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं नाव पुढच्या बाळाला जातं, आणि नावाबरोबर नातीही जातात. ओलिंकाची आई अत्साक गेली आणि तीन महिन्यांनी गावाच्या खालच्या टोकाला एव्हनांच्या घरी मुलगी झाली. शाळेच्या दाखल्यावर लोर्ना, गावात अत्साक. तेव्हा पंचवीस वर्षांची असलेली ओलिंका त्या दुपट्यातल्या गाठोड्यासमोर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "आई, आलीस?" आणि पहिला दात यायच्या आधीच तिने त्या बाळाला आईच्या आवडीचा, सामन माशाच्या डोक्याचा रस्सा बोटाने चाटवला. पोरगी पाच वर्षांची झाली तेव्हा रस्त्यात ओलिंकाला अडवून दटावायची, "पोरी, टोपी घाल, कान गार पडतील." आणि ओलिंका टोपी घालायची.

आता ती पोरगी अडतीस वर्षांची. गावच्या दवाखान्यात आरोग्यसेविका. नदी दरवर्षी काठ खाते, दवाखान्याचा मागचा खांब हवेत लटकायला लागलाय, आणि त्याबद्दल अकरा पत्रं लिहून झाल्यावर लोर्ना म्हणाली, आता पत्र नको, मीच जाते वॉशिंग्टनला. अख्ख्या अलास्काची मिळून तिकडच्या संसदेत एकच जागा. अर्ज भरताना तिने नाव लिहिलं: लोर्ना अत्साक एव्हन.

निवडणुकीची रीत सांगून ठेवतो, म्हणजे पुढे अडायला नको. ऑगस्टात पहिली फेरी. पक्ष कुठलाही असो, सगळे उमेदवार एकाच कागदावर, आणि मत द्यायचं एकालाच. त्यातले पहिले चार नोव्हेंबरच्या कागदावर जातात. नोव्हेंबरात मात्र पसंतीचे क्रमांक लावायचे, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. ऑगस्टला एक, नोव्हेंबरला हवे तितके. ही सगळी गोष्ट एवढ्याच फरकावर उभी आहे.

बारा उमेदवार होते. पहिले तिघे कोण ते कुत्र्यालाही ठाऊक होतं. भांडण चौथ्या जागेचं. आणि चौथी जागा पाच-सहाशे मतांत मिळते, कारण मोठ्या तिघांनी सगळं ओरपल्यावर खाली उरतंच किती?

शहरातल्या एका वर्तमानपत्रात ग्रँट होलविग नावाचा तरुण आहे. पुढच्या फेरीत कोण जाणार याचे अंदाज तो आकड्यांवरून बांधतो आणि लोक ते हवामानासारखे वाचतात. पोरगा वाईट नाही. त्याने निदान फोन तरी केला. ओलिंका तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं घासत होती. शाळा उघडायला दोन आठवडे होते.

"बाई, तुमच्या गावात लोर्नाला किती मतं पडतील?"

"हवा कशी असेल त्यावर आहे."

"हवा चांगली असली तर?"

"मग लोक माशांना जातील."

"आणि वाईट असली तर?"

"घरी बसतील."

"मग मत कोण देणार?"

"ज्याला यायचं तो येईल."

पलीकडे तो हसला असावा. तो काय जाणे, आमच्यात पुढचं बोलून ठेवत नाहीत. मूस हरीण मारायला निघालेला माणूससुद्धा बायकोला सांगतो, जरा फिरून येतो. मी मारून आणतो म्हणाला की झालंच, त्या वर्षी पातेलं रिकामं.

"अजून एक विचारू?" ग्रँट म्हणाला. "मी तुमच्या गावात अकरा घरी फोन केले. सगळे छान बोलतात. पण लोर्नाला मत देणार का, असं विचारलं की एकदम गप्प. कोणाला घाबरतात का?"

ओलिंका पातेल्यावर हात टेकून थांबली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी हसली की घासणी पाण्यात पडली.

"अरे बाळा, त्यांनी भुवया उडवल्या असतील."

"काय?"

"भुवया. आम्ही हो म्हणतो ते भुवयांनी. तोंड कशाला उघडायचं?"

"पण बाई, फोनवर..."

"ते त्यांच्या डोक्यात नाही आलं."

"मग अकराच्या अकरा हो धरू?"

"मी काय बघायला बसले होते? आणि मी केंद्राची प्रमुख, मी काही सांगायचं नसतं. ठेवते."

त्याने कुइचारकची नऊ मतं धरली. त्याच्या तक्त्यात चौथा आला टकर लिंडग्रेन आणि पाचवी लोर्ना.

हे ऐकून वास्काला चेव आला. वास्का ओलिंकाचा आतेभाऊ आणि केंद्रावरचा मदतनीस, आणि आमच्यात आतेभावाला चिडवायचा हक्क जन्मजात मिळतो. "पाचवी! ओलिंका, तुझी आई पाचवी! आणि प्रमुखबाई, तुमच्या त्या फॉर्मवर विचारलंय ना, उमेदवाराशी नातं आहे का म्हणून? काय लिहिलंस?"

"नाही म्हणून लिहिलं."

"आईला नाही म्हणालीस!"

"रक्ताचं विचारलंय रे मेल्या. नावाच्या आईचा रकाना कुठे आहे त्यांच्याकडे?"

ती हसत बोलली खरी, पण तिला ते लागलं होतं. मतमोजणीत आपला हात आईसाठी जराही हलता कामा नये, हे तिने फॉर्म भरताना स्वतःलाच बजावलं होतं.

नोव्हेंबरच्या कागदाचा तिला एवढा ध्यास का, ते सांगतो. ओलिंका आठ वर्षांची असताना तिची आई, पहिली अत्साक, धुतलेला कुस्पुक, आमचा टोपीवाला झगा, अंगात घालून, केस ओले करून विंचरून मत द्यायला गेली होती. टेबलामागच्या माणसाने तिच्यापुढे इंग्रजीत छापलेला कागद ठेवला आणि म्हणाला, वाच. तिने कागद हातात घेतला. उलटा नाही ना, ते पाहिलं. परत टेबलावर ठेवला. वाचता येत नाही त्याला मत नाही, असा कायदा होता तेव्हा तुमचा. आई घरी आली आणि संध्याकाळभर मासे कापत राहिली. ओलिंका तिला चिकटून बसली होती, तिने पोरीच्या केसातले खवले काढले, बस.

त्या दारातून परत गेलेलं नाव शनिवारच्या विमानाने छापून आलं. ओलिंकाने खोका उघडला, वरची मतपत्रिका घेतली, आणि त्या नावावरून अंगठा फिरवला. शाई निघत नाही ना, बघत असल्यासारखा.

त्याच खोक्यात तुमचा कागद होता.

आमच्या भाषेत छापलेला अख्खा कागद. वर ठळक अक्षरांत, मतदारांसाठी सूचना. आजवर आमच्या भाषेत तुम्ही दोन ओळी पाठवायचात, त्याही धड नसायच्या. हा पानभर, आणि एकही चूक नाही. ओलिंकाला आमची भाषा वाचता येते पण सावकाश, कारण ती मोठेपणी शिकली, शाळेतल्या पोरांच्या पुस्तकावरून. रविवारी ती तो कागद घेऊन बसली आणि चार वेळा मोठ्याने वाचून तिने जीभ बसवली.

मंगळवारी सकाळी सहाला तिने रेडिओचं बटण दाबलं. हा रेडिओ आमच्या घरोघरी आहे, होड्यांतही आहे. एक जण बोलला की सगळं गाव ऐकतं. एरवी त्यावर कोणाचं कुत्रं सुटलं, कोणाकडे पेट्रोल आहे, हेच चालतं. त्या दिवशी ओलिंकाने वाचलं. "आवडीच्या पहिल्या माणसापुढे एक लिहा. दुसऱ्यापुढे दोन. हवे तितके क्रमांक लावा. एकावरच थांबायची गरज नाही."

म्हातारे चहा खाली ठेवून ऐकत होते. सरकार आपल्या भाषेत बोलतंय, तेही ओलिंकाच्या आवाजात!

तो कागद नोव्हेंबरचा होता. तुमच्या गोदामात कोणीतरी गठ्ठा उचलताना शेजारचा उचलला. तिने का नाही ओळखलं, असं विचारता? जुलैत तुम्ही फोनवरून शिकवणी घेतलीत, ती तीनदा तुटली आणि चौथ्यांदा तुम्ही लावलीच नाही. आणि गेल्या काही वर्षांत तुम्ही नियम किती वेळा फिरवलेत ते आठवा. तिला वाटलं, पुन्हा फिरवला असेल.

हवा मध्यम होती. लोक आले, एकशे एकतीस. दहाच्या सुमाराला वास्का पडद्याआडून ओरडला, "प्रमुखबाई! दोन कुठे लिहू? इथे नावापुढे एकच गोल आहे!"

"ओरडू नकोस. कागदात म्हटलंय तसं कर. मला बघता येत नाही."

"मग गोल भरतो आणि बाजूला आकडा लिहितो."

"मला सांगू नकोस म्हटलं ना!"

पण एकच गोल का, हे तिला विचारायचं होतं. वास्काला टेबलाशी बसवून ती स्वयंपाकघरातल्या फोनकडे गेली आणि तुमच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. गाणं लागलं. पंचवीस मिनिटं तेच गाणं, मग कट. पुन्हा लावला. पुन्हा गाणं. तिसऱ्यांदा एक बाई आली, "जरा थांबा हं," म्हणाली, आणि गेली ती गेलीच. बाहेर दहा माणसं रांगेत उभी होती. ओलिंका हात पुसून टेबलाशी परतली.

आठ वाजता दार लावलं. ऊन अजून हॉलच्या जमिनीवर लांब पडलं होतं, बाहेर पोरं चेंडू खेळत होती. ओलिंका आणि वास्का खोका उलटा करून बसले. नियमांचं पुस्तक, इंग्रजीतलं, शेजारी उघडं. आता ते तिने नीट वाचलं. एकाहून जास्त गोल भरलेले असतील तर मत बाद.

पहिली दुहेरी मतपत्रिका निघाली. अत्साकच्या नावाशेजारी १, टकर लिंडग्रेनच्या शेजारी २, दोन्ही गोल भरलेले. मग दुसरी. मग सहावी, मग तेरावी.

टकर लिंडग्रेन का, ते वास्काने न विचारता सांगितलं. "गेल्या वसंतात धुक्यात अडकला होता नाही का तो, तीन दिवस? शाळेच्या जमिनीवर झोपला बिचारा. आमच्याकडे जेवला. माणूस घरी येऊन जेवला, आणि त्याला काहीच द्यायचं नाही? कागद म्हणतो दुसराही क्रमांक लावा, तर लावला."

ताट समोर आलं की शेजाऱ्याला वाटा काढायचा, पाहुण्याला आधी. आम्ही मताचाही वाटा काढला. जगात दुसरीकडे कोणी केली असती ही चूक?

मोजणी संपली. एकेरी मतं त्र्याहत्तर, त्यांत अत्साकची त्रेपन्न. दुहेरी अठ्ठावन्न, त्यांतल्या बावन्नांवर अत्साकपुढे १.

वास्काने टोपी काढली. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "ओलिंका. एकशे पाच सांग."

तिने नियमांचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.

"खोटं कुठे आहे त्यात? माणसाला काय म्हणायचंय ते लिहिलंय की इथे. एक म्हणजे एक. फोनवर आकडा सांगायचा, गठ्ठा विमानाने जाईल, कोण उघडून बघतंय?"

ओलिंकाने त्या अठ्ठावन्न मतपत्रिका एकावर एक सारख्या केल्या. कडा जुळवल्या. वास्का म्हणाला ते तिलाही दिसत होतं. एकशे पाच. तेवढ्याने नाव कदाचित नोव्हेंबरला पोचलं असतं. पण उद्या कोणी गठ्ठा उघडला, तर म्हणतील, बघा, यांना वाचता येत नव्हतं तेच बरं होतं. आईला दारात म्हणाले होते ते खरं करून द्यायचं, तेही आईच्याच नावाने?

"त्रेपन्न," ती म्हणाली. "त्रेपन्नच सांगते. आणि या अठ्ठावन्नांचं वेगळं सांगते."

तिने फोन लावला. या वेळी लगेच उचलला. तिने आकडे सांगितले आणि म्हणाली, "शिवाय अठ्ठावन्न बाद आहेत, पण ती बाद का झाली ते लिहून घ्या. तुमचा कागद..."

"फक्त आकडे सांगा, बाई. मागे अजून गावं आहेत."

तिने फक्त आकडे सांगितले.

सकाळी ती धुरीच्या खोपटात मासे कापत होती. लोर्ना आली. दाराशी बूट झटकले, उलट्या बादलीवर बसली. महिनाभर उसन्या पेट्रोलवर होडी हाकून गावोगाव हिंडली होती, तोंड उन्हाने रापलेलं.

"जेवलीस का, आई?"

"कडक बिस्किट खाल्लं."

"ते काय जेवण झालं?" ओलिंकाने अकुताकचा वाडगा पुढे केला, ताज्या बेरी आणि चरबी फेटलेला. मग सुरी खाली ठेवली. "आई, मी तुझी मतं घालवली."

"वास्का बोलला."

"मीच वाचलं. अख्ख्या गावाला ओरडून वाचून दाखवलं. चार वेळा घोकलं होतं, पण काय लिहिलंय इकडे माझं लक्षच नव्हतं. मी आपली उच्चार बघत होते." तिने कापलेला मासा बाजूला सारला. "तुला एकदा दारातून हाकललं त्यांनी. आता मी हाकललं."

लोर्ना खात होती. वाडगा मांडीवर घेऊन, अगदी सावकाश, चमचा चाटून. मग म्हणाली, "मी होडीत होते. वरच्या वळणावर. घरीच येत होते मत द्यायला. रेडिओ लावलेला होता. तुझा आवाज आला तर मी इंजिन बंद केलं. नुसती वाहत राहिले, ऐकत."

"मग?"

"मला माहीत होतं ऑगस्टला एकच द्यायचं. महिनाभर सगळीकडे तेच सांगत फिरले ना मी." ती थांबली. तिचे ओठ हलायला लागले, आणि ओलिंकाला कळेना ही रडतेय की काय. ती हसत होती. "पण तू वाचलंस. म्हटलं, मी बाहेर असताना नियम बदलला वाटतं. तू चुकीचं सांगशील, हे डोक्यातच नाही आलं माझ्या."

ओलिंकाने तिच्या मांडीवरचा वाडगा बाजूला घेतला.

"आई. तू काय केलंस?"

"एक मला. दोन त्या टकरला. जेवून गेला होता बिचारा."

"तू स्वतःचं..."

"माझं मत मलाच नाही पडलं, पोरी! अठ्ठावन्नांत एक मी आहे!"

वास्का बाहेर लाकडं फोडत होता, तो धावत आला, कोणी सुरीने कापलं की काय म्हणून. बघतो तर दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसताहेत, आणि ओलिंकाच्या डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि लोर्ना आपल्या बाहीने ते पुसतेय. पुसता पुसता तिने ओलिंकाच्या केसात अडकलेला माशाचा खवला काढला, सहज, कानामागचा. तिला त्या जुन्या संध्याकाळच्या खवल्यांचं कोणी कधी सांगितलेलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी टपालाची मतं धरून आकडे लागले. चौथा टकर लिंडग्रेन, सहाशे बारा. पाचवी लोर्ना अत्साक एव्हन, पाचशे एक्याऐंशी. एकतीस मतांचा फरक. बावन्न अधिक असती तर काय झालं असतं, ते तुम्हाला बोटांवर मोजता येईल.

ग्रँटचा फोन आला. आवाजात आनंद लपत नव्हता. त्याचा अंदाज पाचव्या नावापर्यंत जसाच्या तसा बरोबर आला होता. "पण तुमच्या गावाचं चुकलं माझं, बाई. नऊ धरली होती, त्रेपन्न पडली."

"एकशे पाच पडली," ओलिंका म्हणाली, आणि तिने त्याला सगळं सांगितलं. कागद, रेडिओ, गाणं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हणजे माझा अंदाज चुकलाय," तो म्हणाला.

"हो रे बाळा."

"आणि तरी बरोबर आलाय."

"ते कसं झालं, ते तू लिही."

त्याने लिहिलं. आपला अंदाज चुकला होता, असं स्वतःच्या नावाने छापलं. ते वाचून तुम्हाला निवेदन काढावं लागलं, आणि त्यात तुम्ही लिहिलंत ते, खेड्यातल्यांना मत द्यायला शिकवायला हवं म्हणून.

निकाल पक्का करायच्या तुमच्या बैठकीत लोकांना फोनवरून दोन मिनिटं बोलता येतं. ओलिंकाने शाळेतल्या फोनचा स्पीकर लावला. लोर्ना तिच्या शेजारी बाकावर बसली, तिचा हात मांडीवर घेऊन. मागे वास्का, आणि त्याच्यामागे किती माणसं उभी होती ते मी मोजलं नाही. हॉल भरला होता, एवढं सांगतो. ओलिंकाने काही लिहून आणलं नव्हतं.

"मी ओलिंका निकोलाय. कुइचारकची केंद्रप्रमुख. तुमचा कागद माझ्या हातात आहे. खाली तुमची मोहर आहे आणि वर नोव्हेंबरचा नियम आहे. तो तुम्ही ऑगस्टला पाठवलात. मी वाचला, ही माझी चूक मी सांगितली, माझ्या आईलाही सांगितली. ती माझ्यावर रागावली नाही."

"बाई, एक मिनिट राहिलंय," कोणीतरी म्हणालं.

"पुरे आहे. पूर्वी तुमचा कागद वाचता येत नाही म्हणून आमचं मत घेत नव्हता. या वेळी आम्ही वाचला. शब्द न् शब्द पाळला. अठ्ठावन्न माणसांनी, उमेदवाराने स्वतःसुद्धा. त्यातल्या बावन्न कागदांवर कोण पहिलं ते आकड्यात लिहिलंय, चष्मा न लावता दिसतं. गठ्ठा तुमच्याकडे आहे. मी तो जसाच्या तसा पाठवला, एकही आकडा फिरवला नाही, आणि फिरवणं मला जड नव्हतं."

"आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. धन्यवाद. यानंतर..."

"मी सूचना केली नाही. मी विचारते आहे. तो गठ्ठा तुमच्यातल्या कोणी उघडून बघितला का? हो की नाही? ज्याने बघितला असेल त्याने नाव सांगावं, आणि कोणीच बघितला नसेल तर आत्ता, सह्या करायच्या आधी, कोण उघडणार ते सांगा. मी फोन ठेवत नाही. बोला."